प्रत्येकासाठी वेगळं दुखणं

माझ्या आत्याला टीबी झाला, पण तो शब्द तिच्या शिलाईच्या दुकानात उच्चारायची बंदी होती. नणंदेला तिनं दमा सांगितला, जावेला ॲलर्जी, गिऱ्हाइकांना कापडाची धूळ. डॉक्टरांच्या कागदावर 'कॉक्स' होतं. ते मात्र तिला भलतंच आवडलं, चांगलं खानदानी वाटत होतं. आमच्या कटिंगमास्तरांनी "म्हणजे क्षयच ना?" असं विचारलं, तर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

कोणाला काय सांगितलंय ते मी मापांच्या वहीत लिहून ठेवायचे. तरी घोळ झालाच. नणंदेनं वाफेचं यंत्र पाठवलं, जावेनं तर धूळ नको म्हणून घरातले पडदेच उतरवून नेले. आठवडाभर आम्ही अख्ख्या रस्त्याच्या देखत जेवलो.

हा सगळा खटाटोप सुनेपासून आजार लपवायला. ती माहेरी बाळंत झाली होती आणि महिन्याच्या नातीला घेऊन रविवारी यायची होती. खरं कळलं तर ती नात मांडीवर देणार नाही, या धास्तीनं आत्याचा जीव टांगणीला लागला होता.

"आणि न सांगता घेतलीस, नि पोरीला झालं तर?" मी विचारलं.

आत्यानं कात्री आपटली आणि मग ती रडली.

शनिवारी सुनेचाच फोन आला. आत्यानं सवयीनं तो स्पीकरवर टाकला.

"आई, एक जण दमा म्हणतं, एक ॲलर्जी. एवढं सगळं झालेलं माणूस फोनवर असं खणखणीत बोलत नाही. काय ते एकच सांगा."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली.

"टीबी," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले गोळ्या चालू करून."

"लघवी केशरी होत असेल. घाबरू नका, गोळ्यांनी होते. मला बारावीत ॲनिमिया झाला होता ना, तो हाच."

"लग्न ठरवताना ॲनिमियाच सांगितलात!" आत्या कडाडली. "चक्क फसवलंत आम्हाला!"

मी तोंडात ओढणी कोंबली. तिकडे सूनही हसत सुटली, मग हसू आवरून म्हणाली,

"माझ्या आईनं तेव्हा सहा महिने मला वेगळं ठेवलं. कधी जवळ घेतलं तर चालेल, हे डॉक्टरांना विचारलंच नाही कोणी. विचारायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं."

आत्याचा आवाज खाली आला.

"उद्या येऊ नकोस. बाळाला कधी आणायचं ते डॉक्टरांना विचार, मी थुंकी तपासून घेते. ते हो म्हणाले की ये. आधी तुला जवळ घेणार. मग तिला."