पाचव्या मजल्याखालचा टेकू

अहो, इकडे! जरा वाकून या, डोकं आपटेल. मी टेकू बोलतोय, लोखंडी टेकू. एका नळीत दुसरी नळी, मधे खीळ आणि फिरवायची चकती, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर लालभडक रंग होता. आता सिमेंटची इतकी पुटं चढलीत, की ज्याने घडवला त्यालाही ओळख पटायची नाही.

ओला स्लॅब घट्ट होईपर्यंत डोक्यावर धरायचा आणि मग गुपचूप निघून जायचं, हे माझं काम. इमारतीच्या उद्घाटनाला आम्हाला कुणी बोलावत नाही. नका बोलावू!

आम्ही कुठे उभं राहायचं आणि कधी निघायचं, हे ठरवतात पत्र्याच्या केबिनमधले इंजिनिअर. त्यांची प्रमुख ताई. हिशेबात पक्की, पण हाताखालच्या दोन इंजिनिअरांपुढे तिने हात टेकले होते. सदा थंडी वाजणारा मफलरवाला खिडकी लावायचा, शेजारचा सदा उकडणारा उकाड्या ती उघडायचा. शेवटी दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं. मग ताईने मजलेच वाटून दिले. तिसरा मफलरवाल्याचा, चौथा उकाड्याचा. केबिनमध्ये कशी छान शांतता!

आता ऐका. मी चौथ्या मजल्यावर उभा, डोक्यावर पाचव्याच्या फळ्या. माझ्या पायाखालचा स्लॅब अजून कोवळा, म्हणून त्याला तिसऱ्या मजल्यावरून माझ्या भावंडांचा आधार. मफलरवाल्याच्या गणितात तो स्लॅब स्वतःचं वजन पेलत होता, वरून माझा भार येणार हे त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून त्याने भावंडं काढायला सांगितली. उकाड्याने ती आहेतच असं धरून मला उभं केलं. दोघांचीही गणितं आपापल्यापुरती बरोबर, आणि मी मात्र अधांतरी!

काँक्रीटच्या गाड्या आल्या. वर माणसं चढली. त्यांना थांबवायला हवं होतं हो. ओरडणार कसा?

तेवढ्यात ताई आली. काँक्रीट पडण्याआधी खालच्या मजल्यावर डोकावायची तिची सवय. बघते तर काय, तिसरा मजला म्हणजे मोकळं मैदान! तिथूनच ती ओरडली, "थांबवा! सगळ्यांना आधी खाली उतरवा!"

साइटचे साहेब धावत आले. "मॅडम, गाड्या दारात उभ्या आहेत! चूक कोणाची ते सांगा, आजच घरी पाठवतो त्याला."

मफलरवाला आणि उकाड्या पांढरेफटक पडले. ताईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझी. कटकट नको म्हणून मजले मीच वाटले. पाठवा मला घरी, पण आधी टेकू लावू द्या."

साहेबांनी गाडीवाल्यांना हात केला. गाड्या परत गेल्या, भावंडं परत आली आणि माझ्या जिवात जीव आला.

त्याच दिवशी ताईने दोघांची टेबलं जोडली. "भांडा, डोकी फोडा, पण बोला!" तेव्हापासून केबिनमध्ये नुसता कलकलाट. खिडकीचा निकाल अजून लागायचाय. पण ते भांडण ऐकायला काय गोड वाटतं म्हणून सांगू!

आज माझी निघायची वेळ झाली. स्लॅब पक्का झालाय. दोघं माझ्यापाशी आलेत. उकाड्याने चकतीला हात घातला आणि विचारलं, "काढू का रे?"

"थांब," मफलर आवळत दुसरा म्हणाला, "आधी वर कसला भार नाही ना, बघून येतो."

जा बाबा, सावकाश बघून ये. तोवर मी आहे उभा.