रोलरची भुकटी

/*
कंपायलर या ओळी वाचत नाही. तिरकी रेघ आणि चांदणी दिसली की पुढे उडी मारतो. म्हणून इथं लिहिते. हे माणसांसाठी आहे.

खालचा प्रोग्राम कापसातला ओलावा मोजतो. घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये, मॅनेजर सदाशिवरावांच्या टेबलाशेजारी, दिवाळीपासून एका डब्यात चालू आहे. लिहिला मी, भैरवी पंजाबराव.

हे शेवटचं वाक्य राहणार की जाणार, एवढ्यावर सगळं अडलं होतं.
*/

/* फोन
नागपूरच्या एका कंपनीला असे दोनशे डबे बनवायचे होते. त्यांचे अवधूत सर गोड बोलतात.

"मॅडम, तुम्ही फुकटचा कंपायलर वापरलात. त्याची लायब्ररी, म्हणजे त्याचे तयार तुकडे, तुमच्या प्रोग्रामला जोडली गेली. म्हणजे प्रोग्राम मुक्त झाला, कुणाचाच राहिला नाही. आम्ही आमच्या नावानं आणतो."

"कुणाचाच नाही, तर तुमचा कसा?"

"तुम्ही मनावर घेता. सोमवारपर्यंत कळवा."
*/

/* बाबा
एकतीस वर्षं याच जिनिंगमध्ये फिटर. मशीन जुळवून झालं की त्यावर खडूनं नाव आणि तारीख लिहायचे. बिघडलं तर कोणाला बोलवायचं ते कळावं.

त्यांना सांगितलं: मी लिहिलेलं कंपायलर यंत्राच्या भाषेत करून देतो, आणि करता करता स्वतःचे काही तुकडे त्यात सोडतो.

"म्हंजे रोलरवानी," बाबा म्हणाले. "कापूस रोलरवरून गेला का त्याच्या चामड्याची भुकटी रुईत येतेच. म्हून काय रुई रोलरवाल्याची होते?"

"नाही."

"मंग थो नागपूरवाला काय म्हणून राह्यला?"

कंपायलरचा परवाना उघडला. मराठी करत वाचून दाखवला. कंपायलरच्या लायब्ररीला एक अपवाद जोडलेला आहे: आमच्या या तुकड्यांमुळे तुमच्या प्रोग्रामवर आमची अट येत नाही, तुमच्या अटींवर द्या.

"भुकटी माफ," बाबा म्हणाले. "लिहिणारा जिनिंगमधला दिसते."
*/

/* चूक, माझी
मग काय काय जोडलंय त्याची पूर्ण यादी तपासली. शेवटून दुसरी ओळ.

आकडे भरायला सोपं जावं म्हणून मी आणखी एक लायब्ररी घेतली होती. ती कंपायलरची नव्हती. तिला अपवादही नव्हता. तिचा परवाना म्हणतो: मला जोडलंत, तर प्रोग्राम ज्याला द्याल त्याला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोडही द्या, आणि त्यानं तो पुढे दिला तर अडवू नका. अट सरळ होती. सदाशिवरावांना डबा देऊन पाच महिने झाले होते, मजकूर दिला नव्हता.

अवधूत सरांना हे दिसलं नव्हतं. लायब्ररी काढून चार दिवसांत स्वतःची लिहिता आली असती, कुणाला कळलंही नसतं. बाबांना तसं बोलून दाखवलं.

"पण डबा तं तिथं चालू हाय न?" बाबा.

"आहे."

"मंग कायले लपवून राह्यली?"
*/

/* सदाशिवराव
"हे काय?"

"पेन ड्राइव्ह. डब्यातल्या प्रोग्रामचा मूळ मजकूर आणि परवाना. तुमचा हक्क आहे. दिवाळीलाच द्यायला हवा होता, माझ्याकडून राहिलं."

"मले काय समजते त्यातलं?"

"उद्या मी नसले, तर दुसऱ्या कोणाकडूनही दुरुस्त करून घेता येईल."

ते माझ्यासोबत आलेल्या बाबांकडे वळले. "पंजाबराव, पोरगी तुमच्यावर गेली. कोणी पाह्यली नाई ते चूक सोताहून आणून देते."

आणि पेन ड्राइव्ह चिकटपट्टीनं डब्यालाच चिकटवून टाकला. "दूर ठेवला का हरवते."

परवाना तीन पानं खर्चून हेच सांगतो.
*/

/* सोमवार
अवधूत सरांना लिहिलं:

कंपायलरमुळे माझ्यावर कोणतीच अट नाही. दुसऱ्या एका लायब्ररीमुळे आहे. ती तुम्हाला दिसली नाही, म्हणून मीच सांगते. प्रोग्राम आता मुक्त आहे. विका, बदला. प्रत्येक डब्यासोबत मूळ मजकूर द्यावा लागेल. आणि मुक्त म्हणजे बेवारस नव्हे. लिहिणारीचं नाव काढता येत नाही.

नऊ दिवसांनी उत्तर:

वकिलांना विचारलं. तुमचं बरोबर आहे. दोनशे डबे, मजकुरासह, नावासह.
*/

/*
बाबांनी ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये गेले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी खिशात खडू असतोच. चिकटवलेल्या पेन ड्राइव्हच्या खाली त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, भैरवी. तारीख आजची नाही टाकली. मी डबा बसवला त्या दिवसाची टाकली.

इथून खाली प्रोग्राम.
*/