प्रवाळबागेत सासूसुना

पूर्वा उजळली तेव्हा सागर निजलेलाच होता. त्याच्या श्यामल अंगावरून पहाटेचा वारा हलक्या पावलांनी गेला आणि जागोजागी निळाई उमलली. धक्क्यापाशी मोरपंखी, त्यापलीकडे नीलमण्याची, आणि दूर, आभाळाच्या काठाला टेकलेली, पिकल्या जांभळाची. अंदमानच्या त्या पाण्यात तीन बेटे होती. हिरव्याकंच अरण्याची, रुपेरी किनाऱ्यांची तीन बेटे. कुणी शांत जलावर दूर्वांच्या तीन जुड्या वाहिल्या असाव्यात, तशी.

धक्क्यावरून एक पांढरी नाव निघाली. दिवसभरात तिन्ही बेटे दाखवणारी, प्रवाळांच्या बागांवरून प्रवाशांना पोहवून आणणारी, सांजेला परत फिरणारी नाव. तिच्या नाळेशी, अगदी पुढच्या टोकाला, दोन बायका बसल्या होत्या. एक तरुण, सावळी, उत्सुक. दुसरी साठी ओलांडलेली, कपाळी ठसठशीत कुंकू, अंगात मुलाचा लांब बाह्यांचा सदरा आणि नातीची ढगळ विजार. साडीवाचून आपण कुणालाच ओळखू येणार नाही, असा संकोच तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"बार्शीत कुणाला सांगू नको बरं का," ती पुटपुटली.

"फोटो काढलाय, आत्या," तरुण बाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. वाऱ्याने ते हसू उचलले आणि लाटांवर पसरून टाकले.

तरुण होती शैलजा. वयस्क होत्या इंदुमती, तिच्या सासूबाई. बार्शीच्या रीतीप्रमाणे शैलजा त्यांना आत्या म्हणे.

बार्शी. जिथे चैत्रात विहिरी तळ दाखवतात, जिथे आभाळ कोरडे आणि उंच असते, जिथे टँकरच्या मागे घागरी धावतात. त्या कोरड्या गावात, त्या कोरड्या ऋतूंत, शैलजेने एक निराळाच दुष्काळ भोगला होता. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यामागून आठवडे डायलिसिसच्या यंत्राला जोडलेले. आणि यंत्राहून क्रूर ती तहान. डॉक्टरांनी पाणी तोडले होते. दिवसाला मोजके घोट, त्यातच औषधे, त्यातच चहा. ओठांवर ओले फडके फिरवून ती दुपारी काढी. स्वप्नांत तिला नद्या दिसत. काठोकाठच्या, खळाळत्या, दुथडी भरलेल्या नद्या. आणि जाग येई तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असे.

त्या दिवसांत इंदुमतींनी पाण्याचा माठ स्वयंपाकघरातून उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला होता. सुनेसमोर त्या कधी पाणी प्यायल्या नाहीत. जेवताना ठसका लागला तरी उठून पडवीत जात, आणि पदराने ओठ कोरडे करूनच परत येत.

मग मूत्रपिंड देण्याची वेळ आली. शैलजेची आई हयात नव्हती. नवरा धनंजय पुढे झाला, तर त्याच्याच रक्तात साखर निघाली. त्या रात्री, ताटात आमटी वाढता वाढता, इंदुमती म्हणाल्या होत्या, "माझी किडनी जुळतीय का बघा की."

जुळली. सासूच्या कुशीतले सुनेच्या कुशीत रुजले. एकीच्या बरगडीखाली आणि दुसरीच्या ओटीपोटावर, चंद्रकोरीसारखा एकेक व्रण राहिला. आणि एका सकाळी, रुग्णालयाच्या खिडकीशी, शैलजा पेला भरून पाणी प्यायली. संपूर्ण पेला. थांबून, डोळे मिटून, थेंब न् थेंब.

तेव्हापासून एक वाक्य तिच्या कंठाशी अडकून होते. ते बोलायला ती जवळ गेली की इंदुमती उठत. "भाजी निवतीय, जेव आधी," म्हणत. कधी "दूध उतू जाईल" म्हणत. वर्षे गेली, दुधे तापली, भाज्या निवल्या, वाक्य राहिले. डॉक्टरांनी प्रवासाला मोकळीक दिली तेव्हा शैलजेने सासूला विचारले, कुठे जायचे? आणि जन्मात समुद्र न पाहिलेल्या त्या बाईने लाजत सांगितले, "लई पाणी असंल तिथं."

धनंजयने दोघींना विमानात बसवले आणि तो लेकीच्या परीक्षेसाठी मागे राहिला. आणि आता येथे पाणी होते, लई पाणी. अथांग, अपार, अनावर पाणी.

पहिले बेट नारळींचे होते. पाण्यावर झुकलेल्या, वाऱ्याशी कुजबुजणाऱ्या नारळींचे. पाण्यात उतरवणारा जोसेफ नावाचा धिप्पाड गडी; त्याचे आजोबा रांचीहून येऊन या बेटांत रुजलेले. त्याने शैलजेच्या डोळ्यांवर काचेचा मास्क बसवला, तोंडात श्वासाची नळी दिली, खांद्यांवर नारिंगी लाइफ जॅकेट आवळले.

"या ना, आत्या."

"मी हितंच बरी." इंदुमती वाळूत पाय रोवून बसल्या. "तू जा. मी बघते तुला."

शैलजेने मुख पाण्यात घातले.

आणि जगाचा आवाज थांबला. उरला केवळ स्वतःचा श्वास, शंखातल्या घुमाऱ्यासारखा. खाली एक उद्यान फुललेले होते. हरणांच्या शिंगांसारखी प्रवाळे, मंदिराच्या घुमटांसारखी प्रवाळे, शेवंतीच्या गेंदांसारखी प्रवाळे. तांबूस, पीतवर्ण, वांगी रंगाची. त्यांच्यातून मासे वाहत होते. हळदी अंगाचे, काजळी पट्ट्यांचे, कुंकवाच्या ठिपक्यांचे मासे. सूर्याचे किरण पाण्यातून गाळून येत होते आणि तळाच्या वाळूवर सोन्याचे जाळे हलत होते, उसवत होते, विणले जात होते. इतका शृंगार! आणि कुणासाठी? कुणी पाहो न पाहो, युगानुयुगे मांडून ठेवलेला हा शृंगार.

तिने मान वर काढली. किनाऱ्यावर, नारळीच्या सावलीत, मुलाच्या सदऱ्यातली ती लहानशी आकृती एकटक तिच्याकडेच पाहत होती. शैलजेचे मन एकाएकी भरून आले. हे एकटीने पाहायचे नव्हते.

दुसऱ्या बेटाच्या किनाऱ्याला नाव लागली नाही; थांबली ती त्याच्यापुढे, ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूच्या एका शुभ्र पाठीशी. झाड नाही, सावली नाही. पाणी गुडघाभर, स्फटिकनिर्मळ.

"हितं बुडायला जागाच न्हाई की," इंदुमती म्हणाल्या. आणि कुणी आग्रह करण्याआधीच त्यांनी मास्क मागितला. कुंकू पुसले जाईल म्हणून आधी कुरकुरल्या, मग स्वतःच कपाळावरून पट्टा ओढून घेतला. जोसेफने त्यांचा हात धरला. "डरना मत, अम्मा."

"भीत न्हाई मी," त्या मराठीतच म्हणाल्या, आणि पाण्यावर पालथ्या झाल्या.

क्षणभर सारे सुंदर होते. मग एक आडवी लाट आली. नळीचे तोंड बुडाले, खारट पाणी घशात शिरले, आणि त्या वृद्ध देहाने एकदम धडपड मांडली. हात हवेत, पायांना वाळू सापडेना. गुडघाभर पाण्यात केवढे भय! शैलजा धावली. तिने त्यांना कवेत घेतले, मास्क वर सारला, पाठीवरून हात फिरवत राहिली. "श्वास घ्या, आत्या. मी आहे. हळू. मी आहे."

दोघी वाळूवर येऊन बसल्या. बाकीचे प्रवासी दूर, वाळूच्या दुसऱ्या टोकाला शंख वेचत होते. इंदुमती खोकल्या, थुंकल्या, मग हसल्या. "कसलं खारट गं! एवढं पाणी, आन् पिता येत न्हाई."

शैलजेच्या डोळ्यांतून धारा लागल्या. सभोवती ना भाजी होती, ना दूध. उठून जायला घर नव्हते, पडवी नव्हती. निळे पाणी, शुभ्र वाळू, आणि मधे दोघी.

"आत्या, आज तरी मला बोलू द्या."

इंदुमतींचा हात सवयीने वर उठला. मग तो हळूच खाली आला. "बोल."

इतक्या वर्षांची वाक्ये, घासूनपुसून ठेवलेली, अलंकारांनी मढवलेली. त्यातले एकही तिला सापडेना. ती एवढेच म्हणाली, "तुमच्यामुळं मी पाणी पिते, आत्या."

वारा वाहत होता. लाटा येत होत्या, वाळूला स्पर्शून मागे फिरत होत्या.

"तुझ्या सासऱ्यांना बी हाच आजार होता," इंदुमती म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला."

"आजार ठाऊक हाय. पुढचं न्हाई. धनंजयलाबी न्हाई." त्यांनी ओली वाळू मुठीत घेतली. "त्यांना माझी जुळत होती. डॉक्टर तयार, मी तयार. आन् हे हात जोडून म्हणाले, बायकोचं आंग कापून मी जगू व्हय? लई विनवलं मी. पाया पडले. देवाची शपथ घातली. न्हाई म्हणजे न्हाई."

त्यांचा आवाज लाटेसारखा खाली गेला.

"गेले. त्यांच्या मनात माझी माया होती, मला कळतं ते. पर त्यांना वाचवंल अशी वस्तू माझ्या आंगात धडधाकट, आन् माझा माणूस तिच्यावाचून गेला. रातीला कुशीवर वळलं की मला तिचं वझं व्हायचं गं. कुणाला सांगू?"

शैलजेने त्यांची वाळूने भरलेली मूठ आपल्या हातात घेतली.

"मग तुझी पाळी आली. दवाखान्यात मी तुला इचारलं, तवा तू काय म्हणालीस, आठवतंय?"

आठवत होते. सुकलेल्या जिभेने, मिटत्या डोळ्यांनी ती म्हणाली होती, "द्या, आत्या."

"द्या म्हणालीस. का, कशाला, लोक काय म्हणतील, काय न्हाई. नुसतं द्या." वृद्ध डोळ्यांत आता समुद्राहून खारे पाणी उभे होते. "तू घेतलंस, शैला. माझं वझं तू उतरवलंस. आभार मानायचे तर ते मी. म्हणून तुला बोलू देत नव्हते. तू आधी बोलली असतीस तर माझं राहून गेलं असतं."

सूर्य माथ्यावर आला होता. त्या प्रखर, पांढऱ्या, सावलीहीन प्रकाशात दोघी एकमेकींना धरून रडल्या. मोकळ्या, मनसोक्त, बार्शीच्या कोणत्याही भिंतीआड रडता आले नसते अशा. भरतीची पहिली जिव्हा वाळूवर चढली आणि त्यांच्या पावलांना लागली. दुरून जोसेफने हाक घातली. वाळू बुडायला लागली होती.

तिसऱ्या बेटाशी नाव थांबली तेव्हा शैलजा विचारणार होती, आत्या, तुम्ही नावेतच बसता का? पण इंदुमती मास्क कपाळावर चढवून आधीच कडेला उभ्या होत्या. "ती नळी कशी धरायची, परत एकदा दाव," त्या जोसेफला खुणा करत म्हणाल्या. जोसेफने दाखवले. दातांत घट्ट. ओठ मिटलेले. श्वास संथ, लांब, नामस्मरणासारखा.

येथे पाणी खोल होते. खोल आणि गहिरे, पाचूच्या काळजासारखे. जोसेफ एका बाजूला, शैलजा दुसऱ्या बाजूला, आणि मधे इंदुमती. तिघे तरंगत निघाले. हातात हात. खाली प्रवाळांचा उतार निळ्या अंधारात विरत गेलेला. रुपेरी माशांचा एक अखंड थवा आला, उजळला, वळला, विझला, पुन्हा उजळला. जणू कुणी प्रचंड, पारदर्शी शेला पाण्यात झटकत होते.

इंदुमतींचा हात घट्ट होता. भयाने नव्हे, कळत होते. त्या काही बोलत होत्या. नळीतून बोलत होत्या! शब्द पोचत नव्हते. येत होता केवळ एक घुमारा, लांब, आनंदी, लहान मुलाच्या गुणगुणण्यासारखा. शैलजेने आपल्या नळीतून तसाच घुमारा दिला. त्या दोन स्वरांना अर्थ नव्हता, आणि त्यांत काही सांगायचे उरलेही नव्हते. खाली एक कासव, प्राचीन, संथ, शेवाळल्या पाठीचे, पंख्यांसारखे हात हलवीत वर आले. त्यांच्या अगदी जवळ त्याने डोके पाण्याबाहेर काढले, एक श्वास घेतला, आणि पुन्हा त्या निळ्या गाभाऱ्यात उतरून गेले. इंदुमतींनी जोसेफच्या हातातला आपला हात सोडवला आणि कासवाला नमस्कार केला. एकाच हाताने. दुसरा त्यांनी सुनेच्या हातातून काढला नाही.

परतीची वेळ केशरी होती. तिन्ही बेटे मागे सरली. आधी हिरवी, मग निळी, मग नुसत्या धूसर रेषा. नाव संथ चालली होती. इंदुमती बाटलीतले पाणी घटाघट प्यायल्या आणि त्यांनी बाटली सुनेपुढे धरली. सुनेने ती संपवली. मग सासू सुनेच्या खांद्यावर डोके टेकून झोपी गेली. ओले, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. पापण्यांच्या कडांना मीठ वाळून अभ्रकासारखे चमकत होते. शैलजेने ते पुसले नाही. खांदा अवघडला, तरी हलली नाही.

आणि तेव्हा, मावळत्या सूर्याच्या वाटेवर, नावेच्या अगदी पुढ्यात, सागराने उडत्या माशांची एक ओंजळ आभाळाकडे उधळली. चांदीचे ते इवले पंख केशरी प्रकाशात थरथरले, क्षणभर, केवळ क्षणभर, पाणी आणि आकाश यांच्यामध्ये तरंगत राहिले. आणि मग हलकेच, एकामागून एक, खालच्या विशाल, सांजावल्या, संथ जलाने त्यांना झेलून घेतले.