शेवटच्या अंकातली कबर

मित्रांनो, दचकू नका. मी कबर आहे खरी, पण माझ्यात कधी कुणाला पुरलेलं नाही. पो नदीकाठच्या आमच्या गावातल्या थिएटरच्या सुतारानं मला साध्या फळ्यांची बनवली आणि वरून असा रंग दिला, की पहिल्या रांगेतल्या बायकांनाही मी संगमरवरी वाटे.

त्या संगीत नाटकात माझं काम फक्त शेवटच्या अंकात. तिसऱ्या अंकात बाप मुलीला शाप देऊन घराबाहेर काढतो. चौथ्यात तो तिच्या कबरीवर डोकं टेकून क्षमा मागतो आणि आतून तिचा आवाज येतो, ‘बाबा, मी केव्हाच क्षमा केली.’ तो आवाज आर्जियाचा. कोरसमधली ही पोरगी माझ्या पोकळीत गुडघे दुमडून बसे. ती गाऊ लागली की माझी फळी न् फळी थरथरे. देव जवळून गेल्यासारखं वाटे.

पण ऐकायला असे कोण? तिसऱ्या अंकानंतर नाच असे आणि नाच संपला की बडी मंडळी जेवायला उठत. काहीजण तर थिएटरातल्या आपापल्या खासगी बॉक्समध्येच बसून मांस चावत, तुपकट बोटं मखमली पडद्यांना पुसत. इकडे बाप रडतोय आणि हे हाडं चोखतायत! किळस येई मला. शेवटी कंपनीचे मालक बार्देल्ली यांनी फर्मान काढलं, “चौथा अंक बंद.”

आर्जिया त्यांच्यामागे धावली. “मालक, फक्त आज करा. माझे बाबा गॅलरीत बसलेत.”

“बरं मग?”

“कोरसमध्ये आले म्हणून त्यांनी मला घराबाहेर काढलंय. हा अंक त्यांनी पाहिला तर...”

“तर काय, तुझ्या बाबांसाठी मी मेणबत्त्या जाळू? शाप झकास आहे, टाळ्या घेतो. जेवायच्या वेळी रडारड हवीय कुणाला?”

मी विंगेतच राहिले. शाप सुरू झाला. आर्जियाचा बाप फेर्मो, डुकराच्या तंगड्या खारवून विकणारा माणूस, ताडकन उभा राहिला. “शाब्बास! अस्संच पाहिजे कार्टीला! वन्समोअर!” सगळी गॅलरी त्याच्याबरोबर ओरडू लागली. गायकानं शाप पुन्हा म्हटला, मग आणखी एकदा. कोरसमध्ये उभी असलेली आर्जिया दर वेळी मान खाली घालत होती. मुलीला दिलेल्या शापाला वन्समोअर, मित्रांनो! त्या टाळ्यांची मला आजही शिसारी येते.

फेर्मो मिशांवर हात फिरवत घरी गेला. मोसम संपताच आर्जिया एका फिरत्या कंपनीबरोबर समुद्रापार निघून गेली. मला कोठारात ढकललं. माझ्या पोटात लोकांनी घामट बूट कोंबले, उंदरांनी पिल्लं घातली. जाता येता कुणी थुंकतही असे.

बऱ्याच वर्षांनी फेर्मो तिथे आला. पार वाळला होता.

“कुणाला शोधताय काका?” पडदे ओढणाऱ्या तुल्योनं विचारलं.

“माझ्या पोरीला. आर्जियाला.”

“ती? ती केव्हाच गेली की जहाजात बसून! कुठं आहे, कुणाला ठाऊक!”

फेर्मो मटकन माझ्यावरच बसला.

“अहो, जिवंतपणी कबरीवर काय बसताय!” तुल्यो हसला.

“कसली कबर?”

“शेवटच्या अंकातली. तो शाप देणारा बाप हिच्यापुढंच क्षमा मागतो ना! आणि तुमची आर्जिया आत बसून गायची, क्षमा केली म्हणून.”

फेर्मोनं मान वर केली. “शापाच्या पुढं अजून अंक होता?”

तो उठला, माझ्यापुढे गुडघे टेकून बसला, माझ्या धुळकट फळीवर त्यानं कपाळ ठेवलं. तोंड उघडलं, पण शब्द येईनात. शाप त्याला तोंडपाठ होता. त्यापुढचं त्याला कुणी ऐकवलंच नव्हतं.

मित्रांनो, कुठलीही गोष्ट ऐकायला बसलात तर शेवटापर्यंत बसा. भूक लागली तर लागू दे. तुम्ही उठलात की अंक बंद पडतो, आणि कुणाच्या तरी वाट्याला नुसता शाप उरतो.