कानसेन मिस्त्रीने पास केलेला अल्टरनेटर

मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत आणि हे नाव त्याला मनापासून आवडायचं. बाकीचे मेकॅनिक गाडी उघडून बघतात, हा ऐकून सांगतो, अशी त्याची ख्याती होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नसे. तीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि कौतुकाने माणूस जेवढा फुगतो तेवढा तोही फुगला होता.

त्या सकाळी त्याची धाकटी बहीण आपली पिकअप घेऊन आली. मागे फरशांची खोकी खच्चून भरलेली. डोंगर उतरून खालच्या बांधकामावर ती दुपारच्या आत पोचवायची होती. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटला होता.

"दादा, कालपासून हा डोळे वटारून बघतोय माझ्याकडे."

मिस्त्रीने बॅटरीला मीटर लावला. इंजिन बंद असताना बारा पॉइंट दोन व्होल्ट. चालू केलं, तरी बारा पॉइंट दोन. खरं तर आकडा चौदाच्या पुढे जायला हवा होता. त्याने फ्यूज पाहिला, वायरी हलवल्या, बेल्ट दाबून पाहिला. सगळं जागच्या जागी.

"अल्टरनेटरने मान टाकलीय, बॅटरी चार्जच होत नाहीय," तो म्हणाला.

नवा मागवायचा तर संध्याकाळच झाली असती. पण फळीवर त्याने स्वतः दुरुस्त केलेले दोन तयार होते. त्यातला एक त्याने उचलला. त्याचे आतले कार्बनचे ब्रश नवे घातले होते. बेअरिंग मात्र जुनंच ठेवलं होतं, कारण फिरवून कानाशी धरलं तेव्हा ते त्याला ठणठणीत वाटलं होतं. त्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, बेल्ट उतरवला, बोल्ट काढले. जुना बाहेर, फळीवरचा आत. या पिकअपला अल्टरनेटरच्या पाठीशीच एक छोटा पंप असतो आणि ब्रेकला जोर तोच पुरवतो. त्याचे पाइपही त्याने काळजीने जोडले. बहिणीची गाडी होती, हयगय करायचा प्रश्नच नव्हता.

इंजिन सुरू झालं, मीटर चौदा पॉइंट दोनवर गेला, दिवा विझला. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि डोळे मिटले.

"लोण्यासारखा फिरतोय," त्याने निकाल दिला.

"शिट्टी वाजतेय रे. बारीक आहे, पण टोचतेय."

"कुठली शिट्टी? काही नाही. रोज इंजिनाशेजारी बसून तुझं डोकं भणभणलंय. नीघ, उशीर होतोय."

कानसेन नाही म्हणाला म्हणजे नाही. ती क्षणभर घुटमळली आणि निघाली.

मिस्त्री दुसऱ्या गाडीत डोकं घालून बसला. अर्ध्या तासाने त्याची बायको मागच्या खोलीतून आली. ती तिथे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची.

"काय हो, ते किंचाळत काय होतं मघाशी? माझं मशीन चालू होतं तरी अंगावर काटा आला."

"दोघी ठरवून आलात वाटतं," मिस्त्री हसला.

ती हसली नाही. "आणि फोन का उचलत नाही? केव्हाचा बारीक किणकिणतोय."

फोन त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. स्क्रीन उजळली होती, त्यावर बहिणीचा फोटो होता. तो वाजताना त्याला दिसत होता. ऐकू काहीच येत नव्हतं. वर लिहिलं होतं, तीन मिस्ड कॉल.

मग ती शिट्टी खरी होती. मिस्त्रीने झडप घालून फोन उचलला.

"दादा, दिवा परत लागला. जळका वास येतोय. ब्रेक दगडासारखा झालाय."

बहिणीचा आवाज मात्र नीट ऐकू येत होता; हरवले होते ते फक्त बारीक, टोचरे आवाज. बेअरिंग जाम झालं, बेल्ट गेला, पंप थांबला. आणि मागे दीड टन फरशा. हे सगळं त्याला एका दमात कळलं.

"ऐक. ब्रेक परत परत मारू नको, उरलासुरला जोर संपेल. गिअर खाली आण. आला? अजून एक खाली. डोंगराच्या अंगाला राहा. आता ब्रेक एकदाच दाब आणि धरून ठेव. हँडब्रेक हळूहळू ओढ."

खडखडाट झाला. काहीतरी धाडकन आदळलं. मग शांतता.

ही शांतता खरी आहे की फक्त आपल्यासाठी आहे, हे त्याला कळेना. त्याने फोन बायकोच्या कानाला लावला. "काय ऐकू येतंय ते सांग मला. लवकर सांग."

बायकोने श्वास रोखला. "रडतेय," ती म्हणाली. "बारीक आवाजात रडतेय. आहे हो, जिवंत आहे."

फळीवरचा दुसरा अल्टरनेटर आणि नवा बेल्ट घेऊन दोघं स्कूटरवर निघाली. पिकअप रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात नाक खुपसून उभी होती. पुढच्या वळणाला कठडा नव्हता. तिकडे बघायची मिस्त्रीची हिंमत झाली नाही. बहीण खडीवर बसली होती, कपाळावर टेंगूळ होतं.

"मला ती शिट्टी ऐकूच आली नाही गं," तो म्हणाला. "मला वाटलं, नाहीच आहे."

"मला येत होती," ती म्हणाली. "सगळ्या रस्त्याने येत होती. पण तू नाही म्हणालास, म्हणून मला वाटलं, माझेच कान वाजतायत."

मिस्त्रीने पिशवीतून दुसरा अल्टरनेटर काढला. हाही त्यानेच दुरुस्त केला होता, हाही त्याच्याच कानाने पास केला होता. तो बहीण आणि बायको यांच्या मधोमध धरून त्याने पुली जोरात फिरवली. त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला.