दोन गेज आणि एक पिवळा दिवा

टायरमधली हवा कमी झाली की पेटणारा, डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा माझा वैरीच झाला होता. रविवारी दिघीला माझ्या नणंदेच्या, प्राप्तीच्या, बाळाचं बारसं होतं आणि उरणपासून आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत, जिथून दिघीची फेरीबोट सुटते, गाडी मीच चालवणार, असं मी घरात जाहीर करून बसले होते. लायसन्स जुनं झालं तरी लांबचा रस्ता काही माझ्या वाट्याला आला नव्हता. सासऱ्यांनी होकार दिला, पण अट घालून.

"हवेचा दिवा पेटलेला दिसला तर गाडी मी चालवनार."

सासरे, म्हणजे दयारामबाबा, यांचा जन्म न्हावा शेव्याला कंटेनरचे ट्रेलर चालवण्यात गेलेला. त्यांच्याशी वाद कोण घालणार?

आठवडाभर तोच तमाशा. सकाळी दिवा पेटलेला. मी पायपंप घेऊन घाम गाळायचे आणि चारही टायर तेहतीस पौंडांवर आणायचे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तेवढंच लिहिलंय. दिवा विझायचा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. पंक्चरवाल्याने चाकं काढून पाण्यात बुडवली, एक बुडबुडा आला नाही. बाबा ओट्यावरून म्हणायचे, "पोरी, जरा नीट चालव." मी नुसती चरफडायचे.

शनिवारी दुपारी बाजारातून येऊन पिशव्या टेकवल्या, तर अंगणातून फुस्स आवाज. बाहेर येऊन बघते तो बाबा टायरशी उकिडवे, हातात हवा मोजायचा ट्रेलरचा जुना गेज.

"बाबा! काय करताय?"

"जास्तीची हवा सोडतो. चाळीस भरलीस तू. फुटंल ना टायर!"

"रोज सोडता?"

"मंग? घरात दुसऱ्या कोनाला कलतं?"

मला राग आला आणि हसूही फुटलं. आधीच टायर उन्हातून तापून आलेले, तापल्यावर आकडा चढतोच, त्यात यांचा गेज!

रविवारी सकाळी दिवा अर्थातच पेटलेला. बाबांनी चावीसाठी हात पुढे केला. मी चावी मुठीत दाबली.

"आधी मोजू. टायर गार आहेत. एकाच टायरला दोन्ही गेज लावा."

माझा गेज म्हणाला अठ्ठावीस, गाडीचा स्क्रीनही अठ्ठावीस. बाबांचा काटा पस्तिसाच्या आसपास लटपटत होता. त्यांनी गेज डोळ्यांशी धरला. आकडे पार दोनशेपर्यंत, आणि दोन रेघांमध्ये दहा पौंडांचं अंतर.

"ह्यो ट्रेलरचा हाय," ते सावकाश म्हणाले. "शंभरच्या वर बरोबर दाखवतो. खालचं त्याला काय दिसत न्हाय."

मग स्वतःच खदखदून हसले आणि पायपंप ओढून चारही टायर त्यांनीच भरले, माझ्या गेजने मोजून. मी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली. दिवा विझला. परत आले तर बाबा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचं दार उघडून उभे.

अलिबाग मागे पडलं. वळणावर बाबा काही सूचना देतील म्हणून मी कान टवकारले, तर शेजारून घोरणं ऐकू आलं.

मागून सासूबाई, जनीआई, हळूच म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून बघते, दुसऱ्याच्या हाती गाडी असली की ह्यांचा डोला कदी लागला न्हाय."

मला इतका आनंद झाला की जोरात हॉर्न वाजवावासा वाटला. पण बाबा जागे झाले असते.