ढोलाचं वय आणि दानीएलाचं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. कुणी वय विचारलं की पूर्वी माझं डोकंच फिरायचं. आता मी स्वतःहून म्हणतो, विचारा.

उखाने मला सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या डोंगरात शिवणीच्या खोडातून कोरलं. काठीच्या होळीत मी घुमलो की पोरं कानात बोटं घालायची. पुढे उखाची सून कौसाबाई मला लोणखेड्याला घेऊन आली. ती ख्रिस्ती मंडळीत गेली, आणि मी प्रार्थनेला वाजू लागलो. मोठा मान होता माझा. मग कीबोर्ड आला आणि लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

कौसाबाईचा मुलगा वाहरू बायबलचा अभ्यास करून आला आणि मंडळीचा वर्ग घेऊ लागला. यंदा त्याने दानीएलाचं पुस्तक शिकवायला घेतलं. गोष्ट बाबेलच्या राजाच्या काळातली, सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलाची आणि त्याने पुढच्या राजांविषयी केलेल्या भाकितांची. पण पुस्तक त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी, ग्रीक राजाच्या जुलमात लिहिलं गेलं असं बरेच अभ्यासक मानतात, हे त्याने सांगितलं. त्यातल्या काही वाद्यांची नावंही म्हणे ग्रीक आहेत. वाद्यांचा विषय निघताच मी कान टवकारले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी लाईट गेली, कीबोर्ड मुका झाला आणि माझी आठवण आली. थंडीने माझं कातडं सैल पडतं. ते विस्तवासमोर धरून तापवावं लागतं, पण ढोल सतत फिरवत ठेवायचा, नाहीतर घात होतो. वाहरू प्रार्थनाघराच्या अंगणात तेच करत होता. एवढ्यात मंडळीचे प्रमुख जगदीशभाऊ तणतणत आले.

"पुस्तक चारशे वरीस मांगून लिखेल शे म्हनस, म्हंजे दानीएल खोटा का? देवले पुढलं दिखत नही का? आन् ग्रीक वाजंत्री बाबेलमा गया नसतीन का?"

"गया असतीन, भाऊ. पन बाकीना पुरावा मी कसा लपाडू?"

"मंग आज सभामा सांग, मन्ही चूक व्हयनी. नही ते उद्यापाईन तुन्हा वर्ग बंद!"

वाहरूचा हात मला फिरवतच राहिला. तेवढ्यात कौसाबाई पुढे आली.

"ते ऱ्हाऊ दे. दानीएल सिंहस्ना गुहामातून वाचना का नही, तेवढं माले सांग. तू धाकला व्हता, तापमा पडेल व्हता, तव्हय मी तुले तीच गोट सांगी. ती खोटी व्हती का रे?"

वाहरूचा हात थांबला. मला चटका बसला, ओरडताही येईना. फट्! माझं कातडं उभं फाटलं.

मला वाटलं, संपलो मी. कौसाबाईने माझ्या लाकडावर हात ठेवला. वाहरू तिच्या शेजारी खाली बसला.

"माय, लाकूड आजानं शे, कातडं मांगून चढायेल शे. गोटबी तशीच जुनी व्हई. जुलूम वाढना, तव्हय कोनीतरी तिले नवं कातडं चढाई दिन्हं. तो वाचना का नही, हाई माले पुरावावरून सांगता येत नही. पन मी वाचनू ना, तीच गोट आयकीसन."

"ढोल म्हंजे देवनं वचन नही," जगदीशभाऊ म्हणाले आणि निघून गेले. वर्ग बंद झाला.

आता तो कौसाबाईच्या अंगणात भरतो. जगदीशभाऊही येतात, मागे बसतात आणि हिरीरीने भांडतात. माझं नवं कातडं ओढून बसवायला दोराचं एक टोक त्यांनीच धरलं होतं, दुसरं वाहरूने.

मित्रांनो, मला वय जरूर विचारा. विस्तवासमोरही धरा, त्याशिवाय माझा आवाज निघत नाही. फक्त फिरवणारा हात तेवढा थांबवू नका.